डोहावर मोडलेली काठी

१

कडूबा भोयाला बैलगाडीतून दवाखान्यात आणलं तेव्हा त्याचा उजवा हात कोपराखाली लोंबत होता. सन छत्तीसची दिवाळी नुकतीच झाली होती. जाफराबादेत डॉक्टर वामनरावांचा दवाखाना म्हणजे बाजारामागच्या दोन खोल्या. एका खोलीत रोगी, दुसरीत त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई पट्ट्या कापत बसलेल्या.

"काय झालं रे?"

"पडलो. गाडीतून उतरताना पाय सटकला."

वामनरावांनी हात चाचपला. पडणारा माणूस तळहातावर पडतो आणि त्याचं मनगट जातं. कडूबाचं मनगट शाबूत होतं. हाड मधोमध मोडलं होतं, तेही करंगळीच्या बाजूचं. डोक्यावर येणारा घाव अडवायला माणूस हात वर करतो, तेव्हा पहिला तडाखा त्याच हाडाला बसतो.

"कुणी मारलं?"

कडूबा भिंतीकडं बघत राहिला. उत्तर दिलं त्याच्या बायकोनं, तुळजाबाईनं. "जागीरदाराच्या मान्सांनी. त्येंची मासे धरायची काठी ह्येच्या हातून मोडली."

"एका काठीसाठी हात मोडला?"

"म्याच मोडली, डाक्टरसाब," कडूबा म्हणाला. "काठी ठेवायची नळी दगडावर आपटली माझ्याकडून. चूक माझीच हाये."

हे तो इतक्या घाईनं बोलला की वामनरावांच्या हातातली पट्टी तशीच राहिली. मार कुणी दिला हे लपवणारा माणूस आपला गुन्हा मात्र ठासून सांगत होता. त्याच्या कपाळावर वेदनेचा घाम होता आणि डोळ्यांत भीती होती. ही भीती मार देणाऱ्यांची नव्हती. आपल्यावर विश्वास बसणार नाही, याची होती.

२

आडगव्हाण जाफराबादच्या वरच्या अंगाला, पूर्णेच्या काठी. तिथला डोह उन्हाळ्यातही आटत नसे. पिढ्यान्‌पिढ्या भोई तिथं जाळी टाकत आले होते. मागच्या साली हैदराबादचे एक जागीरदार शिकारीला आले, डोहातले मोठाले मासे बघून हरखले, आणि पुन्हा येतो म्हणाले. त्या दिवसापासून गावचे देशमुख काकासाहेब यांनी डोहात जाळं टाकायला बंदी घातली. पाहुण्यांच्या खेळासाठी मासा राखायचा होता. भोयांची जाळी वर्षभर खुंटीवर वाळत पडली.

वामनरावांना आडगव्हाणला जायला निमित्त होतंच. काकासाहेबांच्या कानाची पट्टी बदलायची होती. पाडव्याला ते कान धरून दवाखान्यात आले होते. बाभळीखालून जाताना काटा लागला म्हणाले होते.

पट्टी सोडता सोडता वामनरावांनी विषय काढला. काकासाहेबांनी हात झटकला.

"त्यानं स्वतः कबूल केलंय, डॉक्टर. मंग आता काय राह्यलं? मारायला नको होतं, ते मी बी मान्य करतो. पर जागीरदारांची मान्सं, मी काय बोलणार?"

कानाची पाळी भरत आली होती, पण कडेला चिरली गेली होती. वामनरावांनी औषध लावलं, पट्टी बांधली आणि नदीकाठी तंबूंकडं निघाले.

जागीरदार पन्नाशीचे, गोरे, बोलायला गोड. "अफसोस है, डॉक्टरसाब. मी तंबूत गेलो होतो, तिथं असतो तर हात उचलू दिला नसता. पर ये देखो." मोडक्या हातापेक्षा मोडक्या काठीबद्दलच त्यांना जास्त बोलायचं होतं.

काठी विलायतेची होती. बांबूच्या सहा चिरफळ्या तासून, सरसानं जोडून केलेली. तीन तुकडे पितळी सांध्यांनी एकात एक बसायचे. खालचा अंगठ्याएवढा जाड आणि वरचा शेंडा गव्हाच्या काडीसारखा. गळाला आमिष लावायचं नाही, पिसं बांधून माशीसारखा दिसणारा गळ दोरीनं लांब फेकायचा, पाण्यावर नाचवायचा. मासा माशी समजून झेप घेतो.

"ही मी आधीच पुढं पाठवली होती," जागीरदार म्हणाले. "अजून पाण्यालासुद्धा लागली नव्हती. मी आलो, तो कडूबा नळी घेऊन काठावर आला. मी नळी उघडली, तो शेंडा टूटा हुआ. मी विचारायच्या आधीच तो पाया पडला. म्हणाला, साब, मेरे हात से गिरी."

वामनरावांनी नळी हातात घेतली. पत्र्याची, वरून कातडं. ती उन्हात फिरवून त्यांनी बोटानं चाचपली. कुठं पोचा नव्हता, ओरखडा नव्हता. मग त्यांनी आतली कापडी पिशवी उलटी केली आणि बराच वेळ कापड उजेडाशी धरून ठेवलं.

"काय बघून राह्यलेत, डॉक्टरसाब?"

"भोक," वामनराव म्हणाले. "आणि ते कुठंच नाही."

३

शेंडा मोडला होता त्या जागी बोटभर लांबीच्या कुसळ्या उभ्या होत्या, सुईसारख्या. नळीच्या आत, पिशवीत असताना काठी मोडली असती तर त्या पातळ कापडातून आरपार गेल्या असत्या. म्हणजे काठी बाहेर मोडली होती, आणि कुणीतरी मोडके तुकडे नीट शेजारी शेजारी ठेवून पिशवीत सरकवले होते. शिवाय मोडलेल्या तोंडाशी बांबूचे तंतू काळपट पडले होते. काठीला पाणी लागलं होतं.

कडूबा खोटं बोलत होता. त्यात शंका उरली नाही. पण कुणासाठी?

नळी जालन्याच्या स्टेशनावरून आणली होती रखमाजीनं. रखमाजी काकासाहेबांचा जुना गडी. तो गोठ्यात भेटला.

"मी पाडव्याच्या आदल्या दिशी आनली, मालकाच्या बैठकीत ठेवली. कुलूप न्हाई, पर बैठकीत मालकाच्या हुकुमाबिगर कोन जातंय? मी तर त्या नळीला भेऊनच होतो. इलायती चीज. आपल्या हातानं काही झालं तर?"

"धर्मराज जात असेल की बैठकीत?"

रखमाजीनं इकडंतिकडं पाहिलं. "त्यो मालकाचा पुतन्या. त्याला कोन अडवनार? त्याला लय शौक हाये त्या काठ्यांचा."

धर्मराज पाटाच्या कडेला भेटला. वीस-बावीसचा, अंगानं सडपातळ, औरंगाबादेत शिकून आलेला. मागच्या साली जागीरदारांनी त्याला स्वतः शिकवलं होतं. काठीचं नाव निघताच त्याचा चेहरा लाल झाला.

"मला वाटलंच होतं माझ्यावर येणार. मी दिवाळीभर धावड्याला मामाकडं होतो. विचारा तिथं कुणालाही. काठी आली तेव्हा मी गावात नव्हतो, आणि मी परत आलो ते जागीरदारसाहेबांबरोबरच."

"तुझ्यावर आळ घेत नाही मी. एवढंच सांग, अशी काठी मोडते कशानं?"

हा प्रश्न त्याला आवडला. त्यानं वामनरावांच्या हातातली वेताची छडी घेतली आणि समोर तिरकी धरली. "काठी वाकायलाच केलेली असते. मासा ओढतो तेव्हा ती अशी तिरकी ठेवली, की ताण खालच्या जाड भागावर येतो. तो भाग सहन करतो. पण मासा पायाशी आला, की नवख्या माणसाला घाई होते. तो काठी उभी करतो, खांद्याच्या मागं ओढतो. मग सगळा ताण शेंड्यावर. शेंडा तडकन जातो." त्यानं छडी उभी करून दाखवली. "दोरीच्या कड्या असतात त्या बाजूला काठी वाकते, आणि कुसळ्या निघतात पाठीकडं."

वामनरावांना आठवलं. कुसळ्या पाठीकडंच होत्या. शेंडा ना पायाखाली चिरडला होता, ना आपटून मोडला होता. काठीला मासा लागला होता, मोठा मासा, आणि धरणारा नवखा होता.

"जागीरदारसाहेब हे सांगताना काकांवर फार हसले होते हो," धर्मराज छडी परत देत म्हणाला. "काकांनी मागच्या साली एकदा काठी हातात घेतली. दोरी फेकायला गेले, ती पगडीत अडकली. सगळ्या मंडळींसमोर जागीरदारसाहेब म्हणाले, देशमुख, तुम्ही आपला नांगर धरा. काका हसले. पण त्या दिवशी जेवले नाहीत."

वामनराव जागच्या जागी थांबले. दोरी फेकताना गळ मागून येतो. डोक्यावरून. कानाजवळून.

४

घरी आल्यावर त्यांनी सगळं सरोजिनीबाईंना सांगितलं. बोलताना ते खोलीत फेऱ्या मारत होते. असं चैतन्य त्यांच्या अंगात फार दिवसांत दिसलं नव्हतं.

"बाभळीचा काटा सरळ जातो, सरळ निघतो. गळाला उलटं टोक असतं. तो ओढला की मांस फाडत बाहेर येतो. त्या पाळीची कड चिरलेली आहे, सरोजिनी! मी स्वतः दोनदा पट्टी केली आणि दोन्ही वेळा काटा म्हणून सोडून दिलं. नळी आडगव्हाणला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे कान धरून माझ्याकडं आले."

"म्हणजे काकासाहेबांनी मोडली."

"सराव करत होते. यंदा हसं होऊ नये म्हणून. मासा लागला, घाबरले, काठी उभी केली. आणि नाव कडूबाचं पुढं केलं."

सरोजिनीबाईंनी पट्ट्यांची गुंडाळी खाली ठेवली. "सकाळी तुळजाबाई आली होती. तुम्ही आडगव्हाणला गेलात हे कळल्यावर रडायलाच लागली. म्हणाली, तो म्हनतो ना म्याच मोडली, मंग राहू द्या की. डाक्टरसाबांना म्हनावं, काही विचारू नका."

"घाबरली आहे बिचारी."

"मला तशी नाही वाटली. अहो, शोधून काढा म्हणून कडूबानं तुम्हाला सांगितलंय का?"

"निरपराध माणसाचा हात मोडलाय! त्यानं सांगायची वाट बघू?"

"वाट बघू नका. पण बोलायच्या आधी एकदा त्याला विचारा तरी."

जागीरदार दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवणार होते. विचारायला गेलो तर ते निघून जातील, असं वामनरावांनी स्वतःला समजावलं. खरं तर कोडं सुटलं होतं, आणि ते सुटलेलं सगळ्यांना दिसावं, ही घाई त्यांना बसू देत नव्हती.

५

तंबूत चहा चालला होता. काकासाहेब, धर्मराज, गावची चार प्रतिष्ठित मंडळी. रखमाजी दाराशी उभा. वामनरावांनी मोडकी काठी मागून घेतली आणि मध्ये गालिच्यावर ठेवली.

"कडूबानं ही मोडलेली नाही," ते म्हणाले.

काकासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. "त्यानं कबूल केलंय."

"केलंय. पण नळीला पोचा नाही. पिशवीला भोक नाही. काठी पाण्यानं भिजलेली आहे, आणि या कुसळ्या पाठीकडं निघाल्या आहेत. जागीरदारसाहेब, आपल्याला हे माझ्याहून जास्त कळतं. अशी काठी कधी मोडते?"

जागीरदारांनी तुकडा उचलला. इतके दिवस त्यांनी तो दुःखानं पाहिला होता, आता निरखून पाहिला. हळूहळू त्यांच्या भुवया वर चढल्या. "मासा लागल्यावर. उभी धरली की."

"म्हणजे कुणीतरी ही डोहावर नेली. भोयाला मासा धरायचा तर तो जाळ्यानं धरील, पिसांच्या गळाशी खेळणार नाही. रखमाजी नळीला हात लावायला भितो. धर्मराज धावड्याला होता, आणि त्याला काठी कशी धरायची हे आपणच शिकवलंय. उरला तो माणूस, ज्याच्या बैठकीत नळी होती. ज्याला आपल्यासमोर पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. आणि ज्याच्या कानातून काटा निघाला नाही, गळ निघाला."

काकासाहेबांचा हात आपोआप कानाकडं गेला होता. तो तिथंच राहिला.

"खरं हाये," ते शेवटी म्हणाले. "मासा लय मोठा होता, साब. पायाशी आल्ता. मला वाटलं, आता तुम्हाला दाखवीन."

वामनरावांना वाटलं, आता स्फोट होणार. आणि जागीरदार हसायला लागले. मोकळं, पोट धरून.

"अरे काकासाहेब! मेरेकू बोलते तो मैं सिखाता ना! इतनी शरम? काठीचं काय, दुसरी मागवू." ते उठले आणि त्यांनी काकासाहेबांना मिठी मारली. मंडळी हसली. धर्मराजही हसला. नवा चहा आला. जागीरदारांनी वामनरावांची पाठ थोपटली आणि हैदराबादेत असा हुशार माणूस आपल्याला माहीत नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"आणि कडूबा?" वामनरावांनी विचारलं.

"हां, हां. बेचारा." जागीरदारांनी रखमाजीला खूण केली. "त्याला मोसंब्यांची टोपली द्या. चांगली भरून."

६

टोपली वामनरावांनी स्वतः नेली. भोयांची वस्ती नदीच्या उतारावर होती. कडूबा झोपडीबाहेर बसला होता, फळ्या बांधलेला हात मांडीवर घेऊन.

"कडूबा, तू सुटलास. काकासाहेबांनी सगळं कबूल केलं."

कडूबानं मान वर केली. "कोनापुढं?"

"जागीरदारांपुढं. सगळ्या मंडळींपुढं."

कडूबानं डोळे मिटून घेतले. तुळजाबाई आतून आली. तिनं टोपलीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"डाक्टरसाब, काय केलं तुमी ह्ये?"

"मी खरं काय ते..."

"त्या दिवशी मालकासंगं पान्यात हाच उभा होता, मासा वर घ्यायला. काठी मोडली तसं मालक रडायच्या घाईला आले. म्हनले, कडूबा, तू आळ घे. जागीरदार दोन शिव्या देतील, मी मंधी पडतो. उन्हाळा लागला की डोह तुमचा. तुमच्या समद्या जातभाईंचा. पुन्यांदा बंदी करनार न्हाई. देवाची शपथ घेतली व्हती मालकानं." तिनं टोपली बाजूला सारली. "मार बसला तवा मालक मंधी पडले न्हाईत. हात मोडला. तरी ह्यो बोलला न्हाई. मला म्हनला, माझा हात गेला तर जाऊ दे, समद्यांची जाळी पान्यात जातील."

वामनराव मागं फिरले आणि तडक काकासाहेबांकडं गेले. काकासाहेब ओसरीवर पान लावत होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. ती तंबूतच हसण्यावारी निघून गेली होती.

"डोहाबद्दल तुम्ही कडूबाला शब्द दिला होता," वामनराव म्हणाले.

"दिल्ता की."

"मग तो पाळा. हात गेलाय त्याचा. तो पुन्हा पूर्वीसारखं जाळं फेकू शकणार नाही."

काकासाहेबांनी पानाला चुना लावला, सावकाश. "डॉक्टर, आळ घेण्याबद्दल डोह द्यायचा होता. तुम्ही तर भर सभेत सिद्ध केलं की त्यानं काही केलंच न्हाई. बराबर ना? मंग तो आळ कुठं राह्यला? आता मी त्याला कशाबद्दल काय देऊ?"

"त्यानं मार खाल्ला, तो तुमच्यासाठी!"

"मार जागीरदारांच्या मान्सांनी दिला. त्यांनी मोसंब्या दिल्या. मिटलं." त्यांनी पान तोंडात टाकलं. "आणि जागीरदार पुढच्या साली येऊन राह्यलेत. मला शिकवणार हायेत म्हणे. डोहात मासा पायजे."

दुव्याला दुवा जोडून वामनरावांनी जे उभं केलं होतं, तेच काकासाहेबांनी उचलून त्यांच्यापुढं धरलं होतं, आणि त्यात कुठं फट नव्हती. जागीरदारांना गाठावं म्हणून ते धावत नदीकाठी गेले. तंबूंच्या जागी नुसत्या मेखांची भोकं आणि घोड्यांची लीद होती.

त्या संध्याकाळी सरोजिनीबाईंनी काहीच विचारलं नाही. ताट वाढलं आणि त्या आत गेल्या. वामनरावांना वाटलं, त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

७

हाताच्या फळ्या सोडायला कडूबा आला नाही. वामनरावांनी दोनदा निरोप धाडला. मग बाजारात कळलं की भोयांची निम्मी वस्ती हलते आहे. गोदावरीला मोठं पाणी होतं, वडीगोद्रीच्या खालच्या अंगाला तुळजाबाईचे भाऊ होते, तिकडं ती चालली होती.

गाड्या जाफराबादवरूनच जाणार होत्या. वामनराव वेशीशी जाऊन उभे राहिले. शेवटच्या गाडीत कडूबा होता. हात त्यानं कुणाकडून तरी सोडवून घेतला होता. हाड वाकडं जुळलं होतं, बोटं मिटत नव्हती. त्यानं वामनरावांना पाहिलं, डावा हात कपाळाला लावून रामराम केला आणि नजर बैलांकडं वळवली.

तुळजाबाई गाडीमागून चालत होती. वामनराव तिच्या बरोबरीनं चार पावलं गेले.

"तुळजाबाई, मी वाईट व्हावं म्हणून नाही केलं. मी फक्त खरं काय ते सांगितलं."

ती थांबली. रागावलेली दिसली नाही, फार दमलेली दिसली.

"खरं आमाला पहिल्यापास्नं ठावं व्हतं, डाक्टरसाब," ती म्हणाली. "तुमालाच न्हवतं."

आणि पदर डोक्यावर ओढून ती गाडी गाठायला झपाझप चालू लागली.